‘चेक इंजिन’चा दिवा लागला म्हणजे नेमकं काय बिघडलं? जुन्या माझदा मियाटाच्या उदाहरणातून समजून घ्या

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला की गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो. गाडी नेहमीसारखी चालत असते, आवाजही बदललेला नसतो, पण दिवा काही विझत नाही. त्यात ती वीस-पंचवीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार असेल तर काळजी दुप्पट. पार्ट महाग असतात आणि चार जाणकारांना विचारलं तर चौघं चार वेगळे पार्ट बदलायला सांगतात.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तर हा दिवा थेट गाडीच्या कागदपत्रांशी जोडलेला आहे. तिथे जुन्या गाड्यांना साधारण दर दोन वर्षांनी ‘स्मॉग चेक’ ही प्रदूषण चाचणी द्यावी लागते. दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास होते आणि तिच्या नोंदणीचं नूतनीकरण अडकतं. म्हणूनच तिथल्या हौशी गाडीवाल्यांना बिघाड शोधण्याची पद्धत शिकून घ्यावी लागते.

अशा गाड्यांमधलं लोकप्रिय नाव म्हणजे माझदा मियाटा, म्हणजेच एमएक्स-5. 1989 मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही दोन सीटची, उघड्या छताची छोटी गाडी जगासमोर आली. 2016 मध्ये या मॉडेलची 10 लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. जुन्या मियाटा आजही रस्त्यावर दिसतात आणि त्यांच्या डॅशबोर्डवर हा दिवाही अधूनमधून पेटतो.

हा दिवा आला कुठून?

लॉस एंजेलिस शहर अनेक वर्षं धुरक्याने हैराण होतं. गाड्यांच्या धुराला आवर घालण्यासाठी कॅलिफोर्नियाने 1967 मध्ये ‘एअर रिसोर्सेस बोर्ड’ स्थापन केलं. इंजिनाने स्वतःची तपासणी करावी आणि धूर वाढवणारा बिघाड चालकाला कळवावा, हा नियम या बोर्डाने 1988 च्या मॉडेलपासून आणला. पुढे 1996 च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सगळ्या कारना ‘ओबीडी-2’ ही एकसारखी पद्धत सक्तीची झाली. एकच 16 पिनांचं सॉकेट आणि सगळ्या कंपन्यांना समान असे मूळ कोड, ही तिची ओळख.

त्यामुळे हा दिवा मुख्यतः धुराचा पहारेकरी आहे. ऑइलचा दाब कमी झाला किंवा इंजिन तापलं तर त्यासाठी वेगळे दिवे आणि काटे असतात. ऑइलचा लाल दिवा पेटला तर इंजिन लगेच बंद करावं लागतं. चेक इंजिनचा स्थिर पिवळा दिवा बहुतेक वेळा तपासणीसाठी थोडा वेळ देतो.

तोच दिवा लुकलुकायला लागला तर मात्र थांबायला हवं. इंजिन इतकं मिसिंग करतंय की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतंय, असा त्याचा अर्थ. तेव्हा वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवणंच शहाणपणाचं.

कोड काय सांगतो?

1996 नंतरच्या मियाटामध्ये स्टिअरिंगच्या बाजूला डॅशबोर्डखाली सॉकेट असतं. त्यात स्वस्तातला स्कॅनर किंवा मोबाइलला जोडणारा ब्लूटूथ अडॅप्टर लावला की कोड दिसतो. त्याआधीच्या गाड्यांत बॉनेटखाली एक छोटा डबा असतो. त्यातल्या ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ या दोन खाचा वायरच्या तुकड्याने जोडून चावी फिरवली की दिवाच कोड सांगतो. एक लांब आणि पाच छोट्या उघडझापी म्हणजे कोड 15, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरची तक्रार.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं की लोक तो सेन्सर विकत आणतात. प्रत्यक्षात कॉम्प्युटरने काय पाहिलं, एवढंच कोड सांगतो. ते तसं का झालं हे शोधणं माणसाचं काम. अंगात ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, तो मलेरियाचा की सर्दीचा हे डॉक्टरला तपासावं लागतं, तसंच हे.

कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंदही साठवलेली असते. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, त्यावर भार किती होता, हे त्यात कळतं. ही नोंद पुसण्याआधी तिचा फोटो काढून ठेवावा.

पहिलं उदाहरण: पी 0171

या कोडचा अर्थ ‘मिश्रण लीन’, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. जुन्या मियाटात याचं एक नेहमीचं कारण म्हणजे एअरफ्लो सेन्सरपासून थ्रॉटलपर्यंत जाणारा रबरी पाइप. वर्षानुवर्षं इंजिनाची उष्णता खाऊन त्याच्या घड्यांमध्ये भेगा पडतात. सेन्सरने न मोजलेली हवा तिथून आत शिरते. कॉम्प्युटर मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, ते कमी पडतं. वरून पाइप धडधाकट दिसतो, पण हाताने वाकवला की भेग उघडते.

भेग दिसली नाही तर स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ हा आकडा पाहायचा. कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय, हे तो दाखवतो. साधारण 10 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलिंगला आकडा खूप जास्त आणि रेस 2500 पर्यंत नेल्यावर तो खाली येत असेल, तर कुठून तरी हवा गळतेय, असा अंदाज बांधता येतो. इंजिन कमी हवा घेत असताना गळतीचा वाटा मोठा असतो, जास्त घेत असताना तोच वाटा किरकोळ होतो. उलट भार वाढेल तसा आकडा वाढत असेल तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर यांच्याकडे पाहायचं.

दुसरं उदाहरण: मिसिंगचे कोड

पी 0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी 0304 म्हणजे चौथ्यात. पहिल्या दोन पिढ्यांच्या मियाटात चार सिलिंडरना मिळून दोनच कॉइल असतात. एक कॉइल 1 आणि 4 ला ठिणगी देते, दुसरी 2 आणि 3 ला. त्यामुळे 1 आणि 4 चे कोड एकत्र आले तर संशय कॉइलवर जातो. एकच सिलिंडर मिसिंग करत असेल तर प्लग, त्याची वायर किंवा इंजेक्टर तपासायचा.

खात्री करण्याची युक्ती फुकटातली आहे. संशय असलेला प्लग दुसऱ्या सिलिंडरमध्ये लावायचा. कोडही त्याच्यामागे गेला तर चोर सापडला. प्लगच्या खोबणीत ऑइल साचलंय का हेही पाहावं. वरच्या कव्हरचं गॅस्केट जुनं झालं की तिथे ऑइल उतरतं आणि वायरचं रबर खराब होतं.

तिसरं उदाहरण: पी 0420

सगळ्यात महागात पडणारा कोड हाच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी झाली, असा त्याचा अर्थ. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढच्याचा आकडा साधारण 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर मागचा बऱ्यापैकी स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की कोड येतो.

पण पाइपच्या जोडाला गळती असेल आणि बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरी सेन्सर फसतो. म्हणून आधी गळती आणि सेन्सर तपासायचे. कन्व्हर्टर खरोखर गेला असेल, तर तो कशामुळे गेला हेही विचारायला हवं. जुनं मिसिंग किंवा इंजिनात जळणारं ऑइल त्याचा जीव घेतं. मूळ दुखणं तसंच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर काही काळाने तोही जातो. कॅलिफोर्नियात एअर रिसोर्सेस बोर्डाने मान्यता दिलेलाच कन्व्हर्टर बसवावा लागतो आणि त्याचं बिल सहज शेकडो डॉलरच्या घरात जातं.

बॅटरी काढून दिवा घालवला तर?

हा उपाय सगळ्यांना सुचतो. पहिल्या दोन पिढ्यांच्या मियाटाची बॅटरी डिकीत असते, ती काढून पुन्हा लावली की दिवा जातो. पण त्याबरोबर कॉम्प्युटरने केलेल्या तपासण्यांची नोंदही पुसली जाते. स्मॉग चेकमध्ये या तपासण्या पूर्ण झाल्यात का, हे पाहिलं जातं. कॅलिफोर्नियात 2000 आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना फक्त पेट्रोलच्या वाफांची तपासणी अपुरी असलेली चालते. बाकी काही अपुरं असेल तर गाडी परत पाठवली जाते.

खरी दुरुस्ती झाली असेल तर घाई करायची गरज नसते. बरेच बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये दिसल्यावरच दिवा लागतो आणि लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर तो आपोआप विझतो. पेट्रोल टाकीचं झाकण सैल राहिल्याने पी 0455 आला असेल, तर झाकण घट्ट लावल्यावरही दिवा काही फेऱ्या पेटलेलाच राहतो तो यामुळेच.

भारतातल्या गाड्यांचं काय?

बीएस-4 गाड्यांना भारतात एप्रिल 2013 पासून ओबीडी-2 लागू झालं. त्यानंतरच्या कारमध्ये तेच 16 पिनांचं सॉकेट आहे आणि पी 0171 किंवा पी 0420 चा अर्थही तोच. त्यामुळे पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या साध्या हॅचबॅकलाही हीच पद्धत लागू पडते.

गॅरेजमध्ये गेल्यावर तीन प्रश्न विचारले तरी बराच खर्च वाचतो. कोड कोणता आला? फ्रीझ फ्रेममध्ये काय दिसलं? आणि हाच पार्ट खराब आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरवलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोडमध्ये तसं आलंय’ एवढंच असेल, तर अजून तपासणी झालेलीच नाही असं समजावं.