रिटर्न घरी भरता येते; पण आधी फॉर्म बघा आणि ओटीपी आपल्याच हातात ठेवा

ठाणे : 2025 मध्ये गणपती गेल्यावर कोलशेत गावठाणातल्या छोट्या धंदेवाल्यांपुढे 15 सप्टेंबर ही तारीख होती. 2024-25 या आर्थिक वर्षाचे आयकर रिटर्न भरण्याची 31 जुलैची मुदत त्या वर्षी आधी तिथपर्यंत वाढवून मिळाली होती. किराणा, चहाची टपरी, मासळी, मोबाईल रिपेअरिंग करणारे अनेक जण पॅन-आधार घेऊन एजंटाकडे जातात, ओटीपी सांगतात आणि पावती घेऊन घरी येतात. आत काय भरले, हे कोणी बघत नाही.

त्रास नंतर होतो. बँक कर्जासाठी मागची दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते, तेव्हा कळते की नफा भलताच दाखवलाय आणि पोर्टलवर मोबाईल-ईमेल एजंटाचा आहे. नोटीस आली तरी ती त्याच्याकडेच जाते. जबाबदारी मात्र ज्याचा पॅन त्याची.

खरे तर वर्षाची विक्री लिहून ठेवली असेल, तर हे एका संध्याकाळचे काम आहे. छोट्या धंद्यासाठी कलम 44एडी आणि आयटीआर-4 म्हणजे ‘सुगम’ फॉर्म आहे. उलाढाल 2 कोटींच्या आत असेल तर खर्चाचा हिशेब मांडावा लागत नाही. यूपीआय, चेक, बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान 6 टक्के आणि रोखीवर किमान 8 टक्के नफा धरायचा.

समजा एका दुकानाची विक्री 18 लाख. त्यातले 12 लाख यूपीआयने आले, 6 लाख रोख. मग 72 हजार अधिक 48 हजार, नफा झाला 1 लाख 20 हजार. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, ही टक्केवारी किमान आहे. टेम्पोवाल्यांचे कलम वेगळे, 44एई. 12 टनांपर्यंत एकूण वजनाच्या गाडीला महिन्याला 7,500 रुपये, म्हणजे वर्षभर गाडी असेल तर 90 हजार. फॉर्म तोच.

‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे सगळ्यांनी ऐकलेय, पण ते 2025-26 पासून. 2024-25 च्या रिटर्नला नव्या करप्रणालीत 7 लाखांपर्यंतच सूट होती.

आता खरी गोम. गावठाणातल्या कुणाची खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यात, कुणाची मुरबाड-शहापूरला भातशेती असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून कोणी ते दाखवतच नाही, कोणी सुगममध्येच घुसवतो. सुगममध्ये शेती उत्पन्न फक्त 5 हजारांपर्यंत चालते. त्यावर एक रुपया गेला तरी आयटीआर-3 भरावा लागतो. तिथेही 44एडीप्रमाणे नफा दाखवता येतो, फॉर्म मात्र लांबलचक आहे. आणि दूध, कोंबड्या, मासेमारी ही गावच्या भाषेत शेतीच असली तरी आयकराच्या लेखी धंदा आहे. नर्सरीतली रोपे मात्र शेतीत धरतात, हे विशेष.

जागेची, खोल्यांची दलाली करणाऱ्यांना 44एडी लागू नाही. कमिशनवर काम करणारे, विमा एजंट यांचेही तेच. चाळीतल्या एकापेक्षा जास्त घरांचे भाडे येत असेल तरीही 2024-25 च्या रिटर्नला सुगम चालत नव्हता. अशांनी एकदा सीएला विचारलेले बरे, तिथे दिलेले पैसे वाया जात नाहीत.

यूपीआयची भीतीही 2025 मध्ये होती. त्या वर्षी जुलैत बंगळुरूमध्ये यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि दुकानांवर ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या. ते प्रकरण जीएसटीचे. आपल्याकडे मालाच्या धंद्याला 40 लाख आणि सेवेला 20 लाखांवर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी लागते. फक्त ताजी मासळी किंवा भाजी विकणाऱ्याला लागत नाही. पण भावाने पाठवलेले पैसे आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच खात्यात आले, की कोणते कशाचे हे सांगता सांगता नाकीनऊ येतात. धंद्याचे खाते वेगळे ठेवा.

भरायला बसण्याआधी ई-फायलिंग पोर्टलवर आपलाच मोबाईल आणि ईमेल आहे का ते बघा, नसेल तर प्रोफाईलमध्ये बदला. मग 26एएस आणि एआयएस उघडा. बँकेचे व्याज, कापलेला टीडीएस तिथे दिसतो. व्याज विसरले की फरकाची विचारणा येते. सुगममध्ये 31 मार्चचा शिल्लक माल, येणे उधारी, देणे आणि हातातली रोकड हे चार आकडे लागतात. ते अंदाजाने ठोकू नका, वही बघून लिहा.

मुदत हुकली तर 31 डिसेंबरपर्यंत भरता येते, पण 5 लाखांपर्यंत उत्पन्नाला 1 हजार आणि त्यावर 5 हजार विलंब शुल्क आहे. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर सहसा शुल्क लागत नाही.

आणि ‘सबमिट’ दाबले म्हणजे झाले असे नाही. 30 दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय केले तरच ते वेळेत भरलेले रिटर्न धरतात. पोच पावतीची पीडीएफ मोबाईलमध्ये ठेवा, एक प्रिंट घरच्या फाईलला लावा.