तार एकाची, बटण दुसऱ्याच्या हातात

लंडनच्या पुटनी भागात, थेम्सकाठच्या एका घराच्या बागेतल्या शेडमध्ये पीटर झिनोव्हिएफ नावाचा गृहस्थ संगणकाकडून संगीत करून घेण्याच्या नादाला लागला होता. काळ 1960 च्या दशकातला. तेव्हा घरात संगणक असणं म्हणजे दारात हत्ती झुलण्यापैकीच. पीडीपी-8 नावाचं यंत्र घ्यायला त्यानं बायकोचा लग्नातला मोती आणि फिरोजा जडवलेला शिरपेच विकला. स्त्रीधन विकून माणसं काय काय करतात, पण त्यातून कॉम्प्युटर आणणारा हा बहुधा पहिलाच! एवढं करूनही शेडचा खर्च भागेना. मग ठरलं, की चार पैसे मिळवून देईल असा एक छोटा सिंथेसायझर बाजारात आणायचा. डेव्हिड कॉकरेलनं त्याची सर्किटं बेतली, संगीतकार ट्रिस्ट्रम केरीनं त्याला रूप दिलं. 1969 मध्ये ईएमएस कंपनीचा व्हीसीएस-3 तयार झाला. पुढे त्यांच्या जाहिरातीत चक्क एक नन यंत्रासमोर बसलेली दिसायची आणि प्रत्येक ननकडे सिंथी हवाच, असं खाली छापलेलं असायचं.

या यंत्रात एक मोठी खोट होती. त्याचे ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारे भाग, सुरात राहत नसत. यंत्र तापलं की सूर सरकला. दोन गाण्यांच्या मध्ये पुन्हा जुळवायला घ्यावं, तर श्रोते ताटकळलेले. त्यावर एखादी धून भरवशानं वाजवणं धाडसाचंच होतं. पण त्याला बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी दोन वाटा ठेवलेल्या होत्या. मायक्रोफोन लावा, टेपरेकॉर्डर लावा, नाहीतर गिटार लावा. सूर गिटारवाल्यानं सांभाळायचा आणि यंत्रानं फक्त त्या सुराचं रूप बदलायचं. खोटीचा प्रश्नच मिटला! रॉक संगीतातले काही फार गाजलेले आवाज या पळवाटेतून आले आहेत.

आत काय होतं, ते जरा जवळून पाहू. गिटारच्या पिकअपमधून निघणारा विद्युतदाब म्हणजे व्होल्टचा एक लहानसा अंश. तो आधी वाढवून घ्यावा लागतो, नाहीतर सिंथेसायझर त्याची दखलच घेत नाही. मग तो फिल्टरकडे पाठवायचा. व्हीसीएस-3 मध्ये त्यासाठी वायरींचं जंजाळ नव्हतं. आडव्या-उभ्या सोळा-सोळा ओळींचा, म्हणजे 256 छिद्रांचा एक पाट होता. ज्या छिद्रात बारीकशी पिन खोचाल, तिथे आडवी वाट उभ्या वाटेला मिळायची. आता गिटारची सर्वांत जाड तार छेडा. तिचा मूळ स्वर साधारण 82 हर्ट्झचा, पण वर डझनावारी उपस्वर असतात आणि तारेचा धातूचा खणखणाट त्यांच्यात असतो. फिल्टर जवळपास बंद केला की वरचं सगळं छाटलं जातं, उरतो तो घुमारा. बटण हळूहळू उघडत न्या, तोंड मिटलेल्या माणसानं ‘ऊ’पासून ‘ओ’वर आणि ‘ओ’वरून ‘आ’वर जावं तशी तार बोलायला लागते. शेजारचं रेझोनन्सचं बटण वाढवलं, की जिथे छाटणी चालली आहे नेमका तिथला उपस्वर फुगून वर येतो आणि आवाजाला धार चढते. आणखी वाढवलं तर फिल्टर स्वतःच शिट्टी मारायला लागतो.

प्रश्न एवढाच, की ते बटण फिरवायचं कोणी? गिटारवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले. म्हणजे दुसरा माणूस आला. आणि दुसरा माणूस आला, की कुरबुरीही आल्या.

रॉक्सी म्युझिक या इंग्रजी बँडमध्ये हा दुसरा माणूस होता ब्रायन ईनो. मुळात व्हीसीएस-3 त्याचा नव्हताच. तो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या अँडी मकायचा. ईनोकडे टेपरेकॉर्डर होता आणि बटणांशी खेळायची हौस होती, म्हणून तो आत आला. आपण वादक नाहीच, असं तो अभिमानानं सांगायचा. सुरुवातीच्या कार्यक्रमांत तर तो रंगमंचावरही नसे. प्रेक्षकांत मिक्सर मांडून बसायचा आणि तिथूनच बँडचा आवाज पिळायचा. गिटारवादक फिल मॅन्झनेराची गोष्ट याहून मजेची. चाचणीत त्याला नाकारलं होतं. नंतर ध्वनिमिश्रणाचं काम पाहायला बोलावलं. तोवर या पठ्ठ्यानं सगळी गाणी गुपचूप बसवून ठेवलेली! आधीचा गिटारवादक गेला आणि 1972 मध्ये हा उभा राहिला. पण उभा राहिला तो अशा बँडमध्ये, जिथे त्याच्या गिटारची वायर ईनोच्या यंत्रातून जाणार होती. बोटं आपली, स्वर आपला, पण लोकांच्या कानावर काय पडणार ते चार पावलांवरच्या पिसं लावलेल्या माणसाच्या मनावर. कुठलाही मानी वादक यावर दुसऱ्या दिवशी भांडला असता. मॅन्झनेराचं आणि ईनोचं मात्र जमलं. ईनो बँड सोडून गेल्यावरही दोघं एकत्र काम करत राहिले.

दुसऱ्या माणसाला वगळायची एक युक्ती सिंथेसायझरच्या पोटातच होती. तिचं नाव एन्व्हलप फॉलोअर. तार जितकी जोरात छेडाल तितका हा भाग जास्त विद्युतदाब तयार करतो आणि तो दाब फिल्टरचं बटण फिरवतो. म्हणजे बटणाचा ताबा परत बोटांकडे. हळू वाजवलं तर आवाज मिटलेला, जोरात मारलं तर ‘वाँव’ करून उघडलेला. द हू बँडच्या पीट टाउनशेंडनं एआरपी 2600 या सिंथेसायझरमधून अशीच गिटार नेली आणि 1971 च्या ‘हूज नेक्स्ट’ या अल्बममधल्या ‘गोइंग मोबाइल’ गाण्यात वाजवली. ती ऐकताना मला हसू येतं. मोटारीनं भटकायचं गाणं आणि गिटार चूळ भरल्यासारखी बोलते! पण गंमत म्हणूनसुद्धा हा प्रकार इतक्या लवकर कोणी इतका चोख केला नव्हता.

याच अल्बमचं पहिलं गाणं आहे ‘बाबा ओ’रायली’, आणि त्यातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा. 1894 मध्ये पुण्यातल्या इराणी घरात जन्मलेले, नगरजवळच्या मेहेराबादला समाधी असलेले. टाउनशेंड त्यांचा भक्त. नगर-दौंड रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे. त्या गाण्यातला भिरभिरणारा आवाज सिंथेसायझरचा नाही, ऑर्गनचा आहे. मात्र अल्बमच्या शेवटच्या गाण्यात ऑर्गन खरोखरच व्हीसीएस-3 च्या फिल्टरमधून गेला आहे. गिटारची युक्ती दुसऱ्या वाद्याला.

अमेरिकेत एन्व्हलप फॉलोअरची युक्ती एका अपघातामुळे डबीत बंद झाली. गिल्ड ही गिटार बनवणारी कंपनी. माइक बायगल नावाचा तरुण अभियंता तिच्यासाठी एक अख्खा सिंथेसायझर बेतत होता. 1972 मध्ये कंपनीचे प्रमुख अल ड्रॉन्ज विमान अपघातात गेले आणि नव्या कारभाऱ्यांनी प्रकल्प गुंडाळला. बायगल आणि गिल्डमधलाच एक अभियंता बाहेर पडले. सिंथेसायझरमधला फिल्टर आणि फॉलोअर तेवढा उचलून त्यांनी पायाखालची पेटी केली, म्यू-ट्रॉन थ्री. स्टीव्ही वंडरनं 1973 च्या ‘हायर ग्राउंड’मध्ये क्लॅव्हिनेट तिच्यातून वाजवला, ग्रेटफुल डेडच्या जेरी गार्सियानं गिटार. इंग्लंडात कॉकरेलनंही ईएमएससाठी हाय-फ्लाय नावाचं फक्त गिटारसाठीचं यंत्र केलं होतं. पुढे तो न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सकडे गेला आणि स्मॉल स्टोन हा फेजर त्यानं बेतला. आज आपल्याकडची कॉलेजची पोरं प्रोसेसरवर ‘ऑटो वाह’ लावतात तो म्यू-ट्रॉनच्याच घराण्यातला.

पण या प्रकारातला सगळ्यांत मोठा किस्सा पेटीचा नाही, दोन माणसांचाच आहे. 1977 च्या उन्हाळ्यात गायक डेव्हिड बोवी बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत ‘हीरोज’ अल्बम करत होता. त्यातल्या शीर्षकगीतामागची, बर्लिनच्या भिंतीजवळच्या चुंबनाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, गिटारची कमी जणांनी. ईनो सोबत होता आणि त्याचा सिंथी एकेएसही, म्हणजे व्हीसीएस-3 चाच सूटकेसमध्ये मावणारा भाऊ. त्यांनी न्यूयॉर्कला गिटारवादक रॉबर्ट फ्रिपला फोन लावला. किंग क्रिमझन हा आपला बँड बंद करून फ्रिपला तीन वर्षं झाली होती, गिटार फारशी हातात घेतलेली नव्हती. जोखीम घ्यायची तयारी असेल तर येतो, म्हणाला. विमानातून उतरून स्टुडिओत आला, गिटार सिंथीला जोडली आणि आधी न ऐकलेल्या ट्रॅकवर वाजवायला लागला.

‘हीरोज’ या गाण्याला तेव्हा शब्दही नव्हते. ऐकायला होता तो नुसता पुढे रेटणारा ताल. फ्रिपनं आवाज इतका वाढवला होता, की स्पीकरमधून निघालेला स्वर हवेतून येऊन तारेला पुन्हा हलवत होता. तार छेडावीच लागत नव्हती. कुठला स्वर असा धरून राहील हे गिटार स्पीकरपासून किती लांब आहे यावर ठरतं, म्हणून त्यानं जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. या स्वराला इथे उभं राहायचं, त्या स्वराला दोन पावलं मागे. गिटारवादक चालत चालत चाल वाजवतो आहे आणि त्याच वेळी ईनो सिंथीची बटणं आणि दांडा हलवत त्या अखंड स्वराचा रंग बदलतो आहे, असं चित्र होतं.

माझ्या मते या आवाजाचं मर्म त्या अखंडपणात आहे. एरवी गिटारचा स्वर छेडला की लगेच विरायला लागतो, फिल्टर उघडेपर्यंत हातात काही उरत नाही. इथे स्वर संपतच नव्हता. बटण फिरवणाऱ्याला हवा तेवढा वेळ होता. फ्रिप नसता तर ईनोला पिळायला काही मिळालं नसतं. ईनो नसता तर कानात राहिली असती ती एक लांबलचक, बऱ्यापैकी कर्कश शीळ.

असे तीन टेक झाले. निर्माता टोनी व्हिस्कोंतीनं त्यातला कुठला ठेवावा हे पाहताना तिन्ही एकदम लावून बघितले. एकेकट्या टेकमध्ये नसलेला तो स्वप्नाळू विलाप तिन्हींच्या मिसळण्यातून आला आणि मग तिन्ही तसेच राहिले. तार अखंड हलती ठेवणारं ईबो नावाचं उपकरण वापरलं असणार, अशी अनेक गिटारवाल्यांची वर्षानुवर्षं समजूत होती. ते घेऊन बसलं तर आवाज जवळपास पोचतोही. पण तीन वेगवेगळ्या वेळी, दोन वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या हालचाली एकट्यानं एका वेळी कशा करणार? बोवीच्या 1978 च्या दौऱ्यात हे आव्हान एड्रियन बेलू या गिटारवादकाच्या वाट्याला आलं. तीनच वर्षांनी त्याला फ्रिपनं नव्या किंग क्रिमझनमध्ये घेतलं. बोवी गेला त्या वर्षी, 2016 मध्ये, किंग क्रिमझननं बर्लिनमध्येच ‘हीरोज’ सादर केलं आणि तेव्हा ही चाल वाजवायला फ्रिप स्वतः होता.

अल्बमच्या वेष्टनावर ईनोच्या नावापुढे सिंथेसायझर आणि कीबोर्डच्या जोडीला ‘गिटार ट्रीटमेंट्स’ असं छापलं आहे. म्हणजे दुसऱ्याच्या वाद्यावर केलेल्या कामाची रीतसर नोंद आहे. फ्रिपच्या नावापुढे आहे ‘लीड गिटार’. 1977 च्या मानानं हा हिशेब चोख म्हणावा असाच. तरीही 2019 मध्ये फ्रिपनं जाहीर तक्रार केली, की वादकांच्या हक्काचे पैसे वाटणारी ब्रिटनमधली संस्था त्याला या ध्वनिमुद्रणातला प्रमुख कलाकार मानायला तयार नाही. त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांत व्हिस्कोंती होता आणि बटणं फिरवणारा ईनोही होता.