पोकरमधील आक्रमक खेळशैली
पोकर या पत्त्यांच्या खेळात केवळ समोरच्याच्या पैजेची बरोबरी न करता स्वतः पैज लावून किंवा चढवून प्रतिस्पर्ध्यावर सतत दडपण ठेवण्याची पद्धती. या पद्धतीचे दोन पोटभेद मानतात. निवडक चांगले पत्ते हाती आले असतानाच, पण जोराने खेळणारा खेळाडू हा पहिला प्रकार. सामान्य पत्त्यांवरही वारंवार पैज चढविणारा हा दुसरा. अडचण निर्माण होते ती मुख्यतः दुसऱ्या प्रकारामुळे.

पोकरमध्ये डाव दोन मार्गांनी जिंकता येतो : अखेरीस श्रेष्ठ पत्ते दाखवून, अथवा इतर सर्वांस डाव सोडावयास लावून. नुसती बरोबरी करणाऱ्यास पहिलाच मार्ग उपलब्ध असतो, आक्रमकास दोन्ही. टेक्सस होल्डेम या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येकास दोन झाकलेले पत्ते मिळतात व मध्यभागी क्रमाने तीन, एक व एक असे पाच सामाईक पत्ते उघडले जातात. हाती दोन भिन्न पत्ते असता पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत त्यांपैकी एकाची तरी जोडी जमण्याची शक्यता सु. ३२ टक्केच असते. म्हणजे पुष्कळदा दोन्ही पक्षांचे पत्ते न जमलेलेच असतात आणि जो आधी हक्क सांगतो, त्याच्याकडे पॉट (मध्यावर जमलेली रक्कम) जातो. तीन पत्तीत पत्ते न पाहता चाल वाढविणारा गडी पत्ते पाहिलेल्यांना जसा जेरीस आणतो, तसाच हा प्रकार होय.

पॉट १०० रुपयांचा असता ५० रुपयांची हुलकावणी दिल्यास ती तीनांपैकी एकदा यशस्वी झाली, तरी नुकसान होत नाही. उलटपक्षी तिची बरोबरी करणारा ५० रुपये घालून १५० रुपये जिंकू पाहतो. त्याचे पत्ते चारांपैकी एकदा सरस ठरले, तरी त्यास पुरते. आक्रमकाशी जुळवून घेण्याचे सर्व मर्म या दोन अपूर्णांकांत आहे. भित्र्या खेळाडूच्या पैजेपुढे जी मध्यम जोडी सोडून देणे शहाणपणाचे, तीच आक्रमकाविरुद्ध टिकवून धरणे योग्य ठरते. कारण त्याच्या पैजांत पोकळ पैजांचा वाटा मोठा असतो. बळकट पत्ते असताना आपण पैज न लावता त्याला लावू द्यावी. जो सहसा डाव सोडत नाही, त्याला हुलकावणी देण्यात अर्थ नसतो. बसण्याची जागाही महत्त्वाची आहे : त्याच्या लगतच्या डाव्या हाताला बसणाऱ्यास त्याची चाल पाहून मग निर्णय घेता येतो. दहा-वीस डावांवरून मात्र कोणास आक्रमक ठरवू नये. त्याला लागोपाठ चांगले पत्ते आले असणेही शक्य असते. चिडून प्रत्येक पैज उलट चढवीत जाणे, ही या परिस्थितीतील सर्वांत सामान्य व सर्वांत महाग पडणारी चूक होय.

१९७६ व १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक मालिकेचे मुख्य विजेतेपद मिळविणारे डॉइल ब्रन्सन (१९३३–२०२३) यांनी आपल्या ग्रंथात या शैलीचा उघड पुरस्कार केला. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘अर्ध-हुलकावणी’ची कल्पना रूढ केली : आज कमकुवत, पण पुढील पत्त्याने बळकट होऊ शकणाऱ्या हातावर पैज चढविणे. २००३ मधील जागतिक मालिकेच्या अंतिम लढतीतील एक डाव याचे ठळक उदाहरण आहे. ख्रिस मनीमेकर यांच्याकडे इस्पिक राजा व बदाम सत्ती, तर सॅम फारहा यांच्याकडे इस्पिक राणी व बदाम नव्वी होती. मध्यभागी इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की व इस्पिक अठ्ठी असता फारहांनी पैज लावली आणि मनीमेकरांनी ती चढविली. त्या क्षणी ते मागे होते. परंतु उरलेल्या ४४ पत्त्यांपैकी १७ पत्ते त्यांना विजयी करणारे होते. शेवटी बदाम तिर्री आली, तेव्हा हाती काहीच न उरलेल्या मनीमेकरांनी सर्वस्व पणास लावले. रंग हुकला असावा, हा संशय फारहांनी बोलूनही दाखविला; तरीही त्यांनी नव्व्यांची जोडी टाकून दिली. फारहा स्वतः आक्रमक म्हणून ख्यात होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. विजेतेपद व २५ लाख डॉलर मनीमेकरांकडे गेले.

हुलकावणीचा गणिती विचार जॉन फॉन नॉयमान यांनी केला. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरच्या एका सुलभ प्रतिकृतीवरून दाखविले, की हुलकावणी मध्यम पत्त्यांवर नव्हे, तर सर्वांत हीन पत्त्यांवर द्यावी. अधूनमधून पकडली जाणारी हुलकावणीही वाया जात नाही; तिच्यामुळेच पुढे खऱ्या बळकट पत्त्यांवरील पैजेची बरोबरी केली जाते.

कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या ‘लिब्राटस’ या संगणक प्रणालीने जानेवारी २०१७ मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध १,२०,००० डाव खेळून निर्विवाद विजय मिळविला. पॉटच्या कित्येक पट मोठ्या पैजा हे तिच्या खेळाचे वैशिष्ट्य होते. खेळाडू दिवसा तिच्या खेळातील उणिवा हुडकीत आणि ती रात्रीच्या गणनेत त्या बुजवून टाकी.