नेमबाजीचे विज्ञान : लेखांक 6
आवाजाच्या वेगाखालची गोळी

गोळी जितकी वेगवान तितका नेम सरळ, ही समजूत आपल्या मनात पक्की बसलेली असते. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या 50 मीटर रेंजवर ती टिकत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात .22 रिमफायर रायफल वापरतात. तिची स्पर्धेची गोळी मऊ शिशाची, 40 ग्रेन म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅम वजनाची, आणि वेग सेकंदाला 320 ते 330 मीटर. हवेत आवाज 20 अंश तापमानाला सुमारे 343 मीटर वेगाने जातो. म्हणजे गोळी जाणूनबुजून आवाजाच्या मागे ठेवलेली असते. बाजारात 380 मीटरची काडतुसेही मिळतात, तरी स्पर्धक त्यांना हात लावत नाहीत.

याचे कारण हवेच्या विरोधात आहे. वेग आवाजाच्या जवळ आला की गोळीपुढे दाबलाटा साचू लागतात आणि विरोध एकदम चढतो. 380 ने निघालेली गोळी 50 मीटरपर्यंत पोचता पोचता नेमकी या गढूळ पट्ट्यात उतरते. यावर आक्षेप ठरलेला : वेगवान गोळी लवकर पोचते, मग वारा तिला कमीच ढकलणार ना? हिशेब वेगळा आहे. आडव्या वाऱ्याने गोळी किती सरकेल हे प्रवासाच्या एकूण वेळेवर ठरत नाही. हवाच नसती तर लागला असता त्यापेक्षा किती जास्त वेळ लागला, त्यावर ठरते. विरोध जास्त तितका हा उशीर जास्त. त्यामुळे .22 मध्ये वेगवान गोळीच वाऱ्याने अधिक वाहते. मंद गोळीसुद्धा सेकंदाला एक मीटरच्या आडव्या वाऱ्यात साधारण 6 मिलिमीटर सरकते, आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे अवघा 10.4 मिलिमीटर.

मग वेग आणखी का उतरवू नये? कारण गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते आणि तेवढ्यात हाताचा कंप नेम हलवतो. बरे, वजन वाढवावे? परदेशातले हौशी नेमबाज मोठ्या रायफलींसाठी 200 ग्रेनहून जड ओतीव गोळ्या घरी भरतात, पण त्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या या गोळ्याही आवाजाच्या वेगाखाली ठेवलेल्या असतात, आणि वेगाला अशी मर्यादा घातल्यावर आघात वाढवायला वजनच उरते. कागदाला भोक पाडायला आघात लागतो कुठे? शिवाय त्याच व्यासाची जड गोळी लांब होते, आणि .22 च्या नळीतला 16 इंचांत एक फेरा देणारा आटा (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) 60 ग्रेनची गोळी अनेकदा स्थिर ठेवू शकत नाही.

आपल्याकडे काडतुसे बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. शिवाय रिमफायरचे कवच एकदा उडाले की पुन्हा भरण्याजोगे राहतच नाही, कारण पेटवणारे मिश्रण त्याच्या काठातच असते. म्हणून घरी भरणारा जी एकसारखेपणाची मेहनत घेतो, ती इथे निवडीत घ्यावी लागते. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट झाडून पाहतात, आणि ज्या लॉटची भोके सर्वांत जवळ पडतात त्याच लॉटच्या पेट्या मोसमभरासाठी घेऊन ठेवतात. दुसऱ्याच्या रायफलीला मानवलेला लॉट आपल्या नळीला मानवेलच असे नाही.