विश्लेषण : बोन मॅरो दान म्हणजे कण्याला सुई? दात्याला नेमके काय करावे लागते?

बोन मॅरो द्यायचा म्हटले की ‘कण्याला सुई टोचणार’ अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात काय होते?

प्रत्यारोपण कसे होते?

हाडांच्या पोकळीतील मऊ अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल असतात. रक्ताचा कर्करोग किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाची सदोष मज्जा आधी केमोथेरपीने नष्ट करतात. मग दात्याच्या मूळपेशी रक्त चढवावे तशा शिरेतून देतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत नव्या रक्तपेशी तयार होऊ लागतात. तोवर संसर्गाचा धोका मोठा असतो.

दाता कोण?

रक्तगट नव्हे, ‘एचएलए’ जुळावा लागतो. सख्ख्या भावंडाशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशातील पहिले प्रत्यारोपण झाले. आता अर्धे जुळणारे आई-वडील किंवा नोंदणी केलेला अनोळखी दाताही चालू शकतो.

दात्याला त्रास होतो का?

बहुतेकदा काही दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतून रक्त घेतात. यंत्र मूळपेशी वेगळ्या करते, उरलेले रक्त परत शरीरात जाते. अंगदुखी, डोकेदुखी होऊ शकते. थेट मज्जा घ्यायची असल्यास भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. ती काही आठवड्यांत भरून येते. कण्याला सुई लावत नाहीत.

नोंदणीपूर्वी हे लक्षात घ्या

नोंदणीसाठी गालाच्या आतील नमुना पुरतो. मात्र रुग्णाची मज्जा नष्ट केल्यावर दात्याने माघार घेतल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे शंका आधीच विचारा.