राखणीच्या कुत्र्याचे दुखणे : कोणत्या वेळी सकाळची वाट पाहू नये

गाईने रवंथ थांबवली की घरातली सगळी माणसे गोठ्यात जमतात. कोणी कान गार पडले का पाहतो, कोणी कास चाचपतो, आणि अर्ध्या तासात कोणीतरी डॉक्टरांकडे निघतो. त्याच घरच्या कुत्र्याने दोन दिवस भाकरीला तोंड लावले नाही तर ‘उन्हाने असेल’ एवढ्यावर विषय संपतो. रानात वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबाला हे परवडत नाही. रात्री रानडुकरांची चाहूल देणारा आणि परक्या माणसाला फाटकाशी थोपवणारा हा घरचाच गडी आहे. तो दूध देत नाही, एवढ्यासाठी त्याचे दुखणे मागे ठेवू नये.

मी शेतीचा पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. तेव्हा औषधे सुचविण्याच्या भरीस पडणार नाही. पण कोणत्या दुखण्यात रात्र काढता येते आणि कोणत्यात नाही, हे ओळखण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते.

त्यासाठी जनावर निरोगी असतानाच पाहून ठेवावे. झोपलेल्या कुत्र्याची छाती मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा वरखाली होते. अंगातली उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसापेक्षा तो नेहमीच थोडा गरम लागतो. नाक ओले की कोरडे, यावरून ताप ठरवू नका. ओठ वर करून हिरडी पाहावी. ती गुलाबी असते आणि बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा.

हिरडी पांढरीफटक किंवा निळसर पडली, स्वस्थ पडून असूनही धाप लागली, उभे राहता येईना, हाक मारल्यावर ओळख देईना, तर आणखी तपासत बसू नये. निघावे. उलट एखादी उलटी झाली, गवत खाल्ले, एक वेळचे खाणे सोडले, थोडा लंगडतो पण पाय टेकतो, पाणी पितो आणि शेपूट हलवतो, अशा वेळी एक दिवस लक्ष ठेवायला हरकत नाही.

शेतकऱ्याच्या घरी खरी धावपळ होते ती विषाने. उंदरांसाठी पिठात कालवलेले झिंक फॉस्फाइड कुत्र्याच्या पोटात गेले की तिथल्या आम्लामुळे फॉस्फिन वायू तयार होतो. उलटीला लसणासारखा वास येतो. तो वायू माणसालाही बाधतो, म्हणून गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात. तोंडाला सतत लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला थरथर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अशी लक्षणे दिसली तर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक पोटात गेले असे समजावे. या गटातल्या फोरेटवर २०२० च्या अखेरीस देशात बंदी आली, पण माळ्यावरचा जुना पुडा बंदीने नाहीसा होत नाही. या विषाला ॲट्रोपिनचा उतारा आहे. तो इंजेक्शनाने आणि डॉक्टरांच्याच हातून द्यायचा असतो.

सर्वांत फसवे विष ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचे. वडी खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस ठणठणीत असतो, मग हिरड्यांतून, नाकातून किंवा पोटातल्या पोटात रक्त जाऊ लागते. वडी खाताना पाहिला असेल तर लक्षणांची वाट कसली पाहायची? वेळेवर नेल्यास के जीवनसत्त्व देऊन बहुधा वाचवता येतो.

अशा वेळी वस्तीवर मिठाचे पाणी, दूध, तूप पाजण्याची चढाओढ लागते. हे थांबवावे. ग्लानीत असलेल्या जनावराच्या घशात ओतलेले फुप्फुसात उतरते. मीठ जास्त झाले तर तेच विषासारखे बाधते, आणि तेला-तुपाने काही विषे अधिकच भिनतात. डॉक्टर फोनवर सांगतील तेवढेच करावे. विषाचा पुडा किंवा डबा मात्र न विसरता सोबत न्यावा, त्यावरचे नाव कळले की उपचाराचा वेळ वाचतो. साप चावल्याचा संशय आला तरी हीच घाई करावी. दोरी आवळू नये, जखम कापू नये.

लहान पिलांच्या बाबतीत तर तास मोजावे लागतात. दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंतचे पिलू मलूल होऊन सारखे ओकू लागले आणि घाणेरड्या वासाची रक्ताची हगवण लागली, तर तो पार्व्हो असण्याचा संभव मोठा. पिलू मरते ते बरेचदा अंगातले पाणी आटून, आणि ते पाणी शिरेतून भरावे लागते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहिली तर उशीर होऊ लागला आहे असे समजा. हे विषाणू अंगणाच्या मातीत कित्येक महिने टिकतात, म्हणून त्या जागी लगेच दुसरे पिलू आणू नये. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू कराव्यात.

कुत्री वीत असताना जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिलू बाहेर आले नाही तर डॉक्टर हवेत. व्याल्यानंतर काही आठवड्यांत ती थरथरू लागली, पाय ताठले, तर ही कॅल्शियमची उणीव. गाईच्या दुग्धज्वराची धाकटी बहीणच म्हणा. मांजराचा बोका सारखा लघवीला बसतो आणि थेंबही पडत नाही, ही बद्धकोष्ठता नव्हे. मूत्रमार्ग तुंबला असेल तर तो एक-दोन दिवसांत दगावतो. आणि ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉलची गोळी कदापि देऊ नये. एवढीशी गोळी त्याचा जीव घेते.

आता ज्या दुखण्यात घरच्या माणसांचाच जीव धोक्यात येतो ते. कुत्र्याचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला, म्हणजे घशात हाडूक अडकले असे वाटते, आणि कोणीतरी तोंडात हात घालतो. पिसाळलेला कुत्रा नेहमी चावत सुटतो असे नाही. रेबीजच्या एका प्रकारात तो असाच मुका, सुन्न होतो. गाई-म्हशींनाही हा रोग होतो, आणि तिथेही घशात काही अडकल्यासारखेच दिसते. तेव्हा तोंडात हात न घालता जनावर वेगळे बंद करावे, मुलांना लांब ठेवावे, आणि डॉक्टरांना घरी बोलवावे. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सुरू करावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही असेच धरून चालावे.

बाकी दुखण्यांत कुत्र्याला नेताना गोणपाटाची झोळी करून दोघांनी उचलावे. वेदनेत घरचा कुत्राही चावतो, म्हणून सुती पट्टीने तोंड बांधावे, मात्र तो ओकत असेल किंवा धापा टाकत असेल तर बांधू नये. निघण्याआधी दवाखान्यात फोन करावा. डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले असले तर हेलपाटा वाचतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो आणि जवळच्या दवाखान्याचा क्रमांक आजच दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे घरी फक्त आजी आणि पोरे असली तरी फोन करता येईल.