मिस्टर बीनच्या बॉनेटखाली

चालत्या गाडीत कपडे चढवत, दात घासत डेंटिस्टकडे पोचणारा मिस्टर बीन प्रत्यक्षात इलेक्ट्रिकल इंजिनीअर आहे! रोवन ॲटकिन्सनने न्यूकॅसल विद्यापीठातून पदवी घेतली आणि मग ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजातून एमएस्सी केलं. प्रबंधाचा विषय होता सेल्फ-ट्यूनिंग कंट्रोल, म्हणजे यंत्राने आपलं आपणच जुळवून घ्यायचं तंत्र. एवढं शिकून पोरगं तोंड वेडंवाकडं करायला स्टेजवर उभं राहिलं, तेव्हा घरच्यांना काय वाटलं असेल हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

जन्म ६ जानेवारी १९५५चा, इंग्लंडच्या ईशान्येला डरम परगण्यातल्या कॉन्सेटचा. वडील शेतकरी. डरमच्या शाळेत त्याच काळात आणखी एक मुलगा शिकत होता, टोनी ब्लेअर नावाचा. पुढे एक पंतप्रधान झाला, दुसरा बीन. जगात जास्त लोक कोणाला ओळखतात, हे विचारायचीही गरज नाही.

ऑक्सफर्डने त्याला डिग्रीपेक्षा मोलाची दोन माणसं दिली. लेखक रिचर्ड कर्टिस आणि संगीतकार हॉवर्ड गुडॉल. ‘मिस्टर बीन’ मालिकेच्या सुरुवातीला प्रकाशाच्या झोतात बीन वरून रस्त्यावर धपकन आदळतो. त्या वेळी मागे चर्चमध्ये शोभेल असं जे गंभीर समूहगान चालतं, ती गुडॉलची करामत. शब्द लॅटिन, अर्थ एवढाच की पाहा, हा मनुष्य घेवडा आहे. पात्राला आधी नावच नव्हतं. भाज्यांची नावं चाचपून पाहिली, त्यात फ्लॉवरही होता. ‘मिस्टर फ्लॉवर’ थोडक्यात हुकला!

आता खास इंजिनीअरी डोकं. १९८७ साली माँट्रियलच्या विनोद महोत्सवात त्याने हट्ट धरला, मला फ्रेंच कार्यक्रमात टाका. आयोजक बुचकळ्यात, कारण याच्या कार्यक्रमात फ्रेंचचा एक शब्द नव्हता. पण त्याला नेमकं तेच तपासायचं होतं. भाषा काढून घेतली तर हा विनोद चालतो का? चालला. मग १ जानेवारी १९९०ला मालिका सुरू झाली. आपल्याला वाटतं शेकडो भाग असतील. केबलवर इतक्यांदा पाहिलेत ना! कार्टून सोडलं तर जिवंत बीनचे भाग आहेत फक्त १५.

जगाला न बोलता हसवणारा हा माणूस बोलताना अडखळतो. विशेषतः ‘ब’ त्याच्या जिभेवर अडतो. आणि नशिबाची थट्टा बघा, ज्या दोन भूमिकांनी तो मोठा झाला त्या दोन्ही ‘ब’च्याच: ब्लॅकॲडर आणि बीन. उपाय म्हणून तो अवघड अक्षर जरा जास्तच ठसठशीत, दाबून उच्चारतो. ‘ब्लॅकॲडर’ या विनोदी मालिकेच्या दुसऱ्या पर्वात मुलाच्या वेशात आलेल्या मुलीला तो ‘बॉब’ म्हणतो, तेव्हा त्या एका अक्षरावर प्रेक्षक लोळतात. ज्यांना फक्त बीन माहीत आहे त्यांनी हा दुसरा ॲटकिन्सन जरूर पाहावा. जीभ अशी की कात्रीच जणू. १९८९च्या शेवटच्या भागात हीच विनोदी मंडळी पहिल्या महायुद्धाच्या खंदकातून गोळ्यांसमोर धावत जातात आणि हसणारा प्रेक्षक एकदम गप्प होतो.

गाड्यांचं वेड तर विचारू नका. अभिनयात पोट भरेल की नाही याची खात्री नव्हती, तेव्हा १९८१मध्ये पठ्ठ्याने अवजड ट्रकचं लायसन्स काढून ठेवलं. तशीही ट्रकची त्याला भुरळ होतीच. पुढे गाड्यांच्या मासिकात स्तंभ लिहिला, शर्यतीत उतरला. पडद्यावर पोपटी मिनी, घरी मॅक्लारेन एफ-वन. ती त्याने दोनदा ठोकली. १९९९मध्ये एका साध्या ऑस्टिन मेट्रोला, आणि २०११मध्ये झाडाला. दुसऱ्या वेळचं दुरुस्तीचं बिल सुमारे ९ लाख १० हजार पौंड, तेही विम्याने भरलं. विमा कंपनीत त्या दिवशी कोणाला हसू आलं नसावं. तीच गाडी २०१५मध्ये विकली ८० लाख पौंडांना. दोनदा ठोकूनही नफा!

बीन मिनीच्या टपावर आरामखुर्ची ठेवून, झाडूने पेडल दाबत गाडी हाकतो, तो प्रसंग आठवतो? २००९मध्ये गुडवूडच्या मोटार सोहळ्यात लोकांसमोर पुन्हा तसाच टपावर बसून आला. वय ५४.

आणि विमान? २००१मध्ये केनियात सहकुटुंब सुट्टीवर असताना छोट्या विमानाचा पायलट हवेतच बेशुद्ध पडला. ॲटकिन्सनने आयुष्यात विमान चालवलं नव्हतं. तरी पायलट शुद्धीवर येईपर्यंत त्याने ते हवेत धरून ठेवलं. हा प्रसंग बीनच्या भागात घातला असता तर लोक म्हणाले असते, जरा अतिच होतंय.

बाकी फुटकळ: १९८३च्या बाँडपटात गोंधळलेला सरकारी बाबू, ‘द लायन किंग’मधल्या झाझू पक्ष्याचा आवाज, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात संचालक सायमन रॅटलच्या भल्या थोरल्या वाद्यवृंदात एका बोटाने एकच सूर कंटाळत वाजवणारा वादक.

राहता राहिलं क्रिकेट. २०१६मध्ये हरारेच्या कृषी प्रदर्शनात मिस्टर बीन म्हणून अवतरला तो एक पाकिस्तानी तोतया. झिम्बाब्वेवाल्यांनी ते मनात ठेवलं. २०२२च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पर्थला त्यांनी पाकिस्तानला एका धावेने हरवलं आणि थेट राष्ट्राध्यक्ष म्नांगाग्वांनी ट्विट केलं: पुढच्या वेळी खरा मिस्टर बीन पाठवा. पाकिस्तानचे पंतप्रधान शाहबाज शरीफ यांनीही उत्तर दिलं की बीन नसेल आमच्याकडे, पण पडून पुन्हा उठायची सवय आहे. आणि संघ खरंच उठला, मेलबर्नच्या फायनलपर्यंत गेला. तिथे त्याला हरवलं इंग्लंडने, म्हणजे खऱ्या मिस्टर बीनच्याच गाववाल्यांनी.